दोन हजेऱ्या

मराठीत काही शब्द असे आहेत की, त्यांचा खरा अर्थ कोशात सापडत नाही. तो ऐकणाराच्या घरी जाऊन विचारावा लागतो. ‘हजेरी’ हा त्यांपैकीच एक. गेली तीस वर्षे मी वर्गात उभा राहून रोज हजेरी घेत आलो आहे. नाव पुकारावे, समोरून उत्तर यावे आणि वहीत खूण करावी, इतकेच त्या शब्दाचे माझ्या लेखी मोल होते. त्यास काही इतिहास असेल अशी शंकादेखील मला कधी आली नाही. पुढे १९११ सालचा गुन्हेगार जमातींचा कायदा मुळातून वाचण्याचा प्रसंग आला, तेव्हा माझ्या नित्याच्या शब्दाचे दुसरे तोंड मला दिसले. ज्या समाजांच्या मुली माझ्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी हा शब्द शाळेच्या फार आधी जाऊन पोचला होता. आणि तो मास्तरांच्या तोंडून नव्हे, तर पोलिसांच्या तोंडून.

वाशिम जिल्ह्यातील मेंढपाळ, लमाण व शिकारी समाजांतील मुलींच्या शिक्षणाविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुधा ‘मागासलेपणा’ ह्या एका शब्दावर काम भागवितो. आईबाप अडाणी, रूढी जुन्या, पोटाची भ्रांत; म्हणून मुलगी शाळेत जात नाही, असा आपला सुटसुटीत सिद्धांत असतो. ह्यातले एकही कारण खोटे नाही. तथापि ह्या सर्वांच्या मुळाशी एक निराळा प्रश्न आहे, आणि तो इतिहासाचा आहे. राज्यसंस्थेने ह्या मुलीचे नाव प्रथम कोणत्या वहीत लिहिले, हा तो प्रश्न होय.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. परंतु नगराचा हा वैभवशाली इतिहास बाजूस ठेवून आपण नगराबाहेरचा माळ पाहू. दक्षिणेस पैनगंगा, उत्तरेस व पूर्वेस अजिंठ्याच्या रांगेचे उतरते फाटे आणि मध्ये उथळ मातीचे, गवताने भरलेले विस्तीर्ण पठार, अशी ह्या प्रदेशाची ठेवण आहे. काळ्या कसदार जमिनीत कुणबी नांगर धरी. माळावर मात्र त्याची सत्ता चालत नसे. तेथे हटकर धनगरांची मेंढरे चरत. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून ह्याच वाटांनी जात; संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान पोहरादेवी हे आजच्या मानोरा तालुक्यात आहे, हा काही योगायोग नव्हे. आणि ह्याच गवतात फासेपारधी आपले फासे मांडी. शिकवून तयार केलेल्या गायीच्या आडोशाने हळूहळू पुढे सरकत लावे-तित्तिरांना फाशाकडे वळवावयाचे, ही त्याची विद्या. त्याचा भाऊबंद टाकणकार गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावून देई. गावाला ह्या सर्वांची गरज होती. गावाच्या पांढरीत त्यांना जागा नव्हती, एवढेच.

ही घडी एकोणिसाव्या शतकात विसकटली. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाचा भाव वाढला आणि वऱ्हाडच्या पडीत जमिनीवर नांगर चढला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास जाऊन पोचला आणि लमाणांच्या बैलांचे काम आगगाडीने हिरावून घेतले. १८८६ च्या वऱ्हाडच्या जंगल कायद्याने राने राखीव झाली. चराईस परवाना आणि शुल्क आले. मेंढपाळ, लमाण आणि शिकारी ह्या तिघांचाही पोटापाण्याचा आधार एका पिढीत तुटला. ज्याचा धंदा गेला आणि ज्याला घर नाही, असा माणूस कारकुनाच्या नजरेत एकच असतो. तो म्हणजे संशयित.

येथे दोन साले शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. १८६६ मध्ये वऱ्हाडात स्वतंत्र शिक्षणखाते सुरू झाले. १८७१ मध्ये हिंदुस्थान सरकारने गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा ह्या कायद्यामागचा तर्क होता. प्रारंभी तो उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली आणि १९२४ मध्ये त्यास अखेरचे रूप आले. अमुक जमात गुन्हेगार म्हणून घोषित झाली, की तिच्यातील व्यक्तींची नोंद करावयाची, बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठरलेल्या वेळी त्यांना हजेरीस बोलवावयाचे, आणि मुक्काम हलविण्यापूर्वी खबर देण्याचे बंधन घालावयाचे, असा अधिकार सरकारास मिळाला. ह्यासाठी त्या व्यक्तीने काही अपराध केलेला असणे आवश्यक नव्हते. त्या कुळात जन्म पुरेसा होता.

एका पिढीच्या आत दोन वह्या सिद्ध झाल्या. एक शाळेची, दुसरी पोलिसांची. पहिली वही वऱ्हाडातल्या मुलीपर्यंत पोचण्यास फार काळ लागला. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा एकदेखील भरले नाही. मग माळावरच्या मुलीची काय कथा! दुसऱ्या वहीला मात्र विलंब ठाऊक नव्हता.

ह्या कायद्यात शाळेचा उल्लेखच नव्हता असे मात्र कोणी समजू नये. उल्लेख होता, आणि तोच अधिक विचार करावयास लावणारा आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळेत ठेवण्याची मुभा सरकारास होती. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर येथे अशा जमातींच्या वसाहती झाल्या. वसाहतीतील मुलांना शाळा सक्तीची होती. तेथे शिकलेल्यांपैकी काहींच्या हाती पुढे लेखणी आली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विद्यादान आणि बंदिवास ह्यांची तेथे जी सांगड पडली, तिचे परिणाम दूरवर गेले. आपल्या घरातल्या मुलीला शाळेत घालणे म्हणजे तिच्यासाठी एक दार उघडणे. ज्याच्या मुलांना शाळेच्या नावाखाली उचलून नेता येत होते, त्या बापास शाळेचे दार आतून बंद होताना दिसले, तर त्यास अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

ह्या काळात एका राज्यकर्त्याने मात्र उलट वाट धरली, हे नमूद केले पाहिजे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, काही जातींवर लादलेली हजेरीची पद्धत बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी आपल्या नोकरीत घेतले. एक हजेरी सुरू करावयाची तर दुसरी थांबविली पाहिजे, हे ज्याला उमगले असा हा राजा. दोन निर्णयांमध्ये एका वर्षाचे अंतर आहे. पण माझ्या मते तो एकच निर्णय होता.

ह्या सर्व व्यवहारात मुलगी कोठे होती? पारध्याच्या बेड्यात स्त्री कधीच निष्क्रिय नव्हती. पाल उभे करणे, शेरडे राखणे, डिंक आणि कंद गोळा करणे, शिकार बाजारी नेऊन विकणे, ही कामे तिची. लहान भावंड कडेवर घेऊन सहा-सात वर्षांची मुलगी दिवसभर बेडा सांभाळी, तेव्हा कोठे आई बाहेर पडू शके. तिच्या विवाहात हुंड्याची नव्हे तर देजाची चाल होती. म्हणजे वरपक्षाने मुलीच्या बापास द्रव्य द्यावयाचे. ह्यावरून तिचे श्रम मोलाचे मानले जात, हे दिसते; पण मोल ठरले म्हणजे व्यवहारही ठरतो, आणि तो फार लवकर, तिला न विचारता ठरे. तिच्या लहंग्याच्या स्पर्शाचा विटाळ मानला जाई. चारित्र्याविषयी संशय आला तर जातपंचायतीपुढे उकळत्या तेलात हात घालून दिव्य करण्याची वेळ तिच्यावर येई. गुन्हेगार जमातीचा शिक्का बाहेरच्यांनी मारला. परंतु त्या शिक्क्याखालच्या समाजातही स्त्री ही पुन्हा संशयितच होती. पोलिसांचा संशय जमातीवर, जमातीचा संशय स्त्रीवर, अशी ही दुहेरी पहारेदारी होती. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो ह्या दुसऱ्या पहाऱ्यावरचा उपाय आहे. पण त्याचा आधार घेण्यासाठीही अर्ज लिहिता यावा लागतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण वही बंद झाली म्हणजे तिच्यातील अक्षरे पुसली जातात असे नाही. गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जावी, हा शिरस्ता कायद्याने नव्हे तर सवयीने चालू राहिला. आणि बाप रात्री उचलला गेला, तर दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत जात नाही. बेडाच तेथून उठतो. मुलींच्या गळतीची कारणे शोधणाऱ्या तक्त्यांत ‘स्थलांतर’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात किती स्थलांतरे पोटासाठी आणि किती भयापोटी, हे तक्ता सांगत नाही.

पुढची अडचण कागदाची आहे. फासेपारधी हे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडतात. पाल पारधी आणि राज पारधी हे विमुक्त जातींत. बंजारा विमुक्त जातींत, तर धनगर भटक्या जमातींच्या ‘क’ गटात. माळ एक, उपजीविकेचा नाश एक, पण खाती वेगवेगळी आणि वसतिगृहेही वेगवेगळी. शिष्यवृत्ती हवी तर जातीचा दाखला हवा. दाखला हवा तर अनुसूचित जमातीच्या कुटुंबाने ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, आणि विमुक्त-भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवास दाखवावा, असा नियम आहे. ज्यांचे आजोबा पालात जन्मले आणि पालातच वारले, त्यांनी हा पुरावा कोठून आणावा? इतिहासाची थट्टा अशी की, ज्या आजोबांनी परवानगीवाचून मुक्काम हलवू नये म्हणून एकेकाळी सरकार डोळ्यांत तेल घालून बसले होते, ते आजोबा राहत कोठे होते, हे त्यांच्या नातीने आता त्याच सरकारास सिद्ध करून दाखवावयाचे आहे. शिवाय १९३१ नंतरच्या कोणत्याही जनगणनेत, २०११ पर्यंत, भटक्या-विमुक्तांची म्हणून वेगळी मोजणी झाली नाही. पहाऱ्यासाठी ज्यांची नोंद बारकाईने ठेवली गेली, त्यांची शाळेसाठी नोंद ठेवण्याचा विसर पडला.

तिसरी अडचण भाषेची. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणात पारधी बोली आणि लमाणांची बोली ह्या दोहोंचीही नोंद आहे. पारधी बोली भिल्ली आणि गुजरातीच्या घराण्यातली आहे. मराठीची ती लेक नव्हे, फार तर शेजारीण. सहा वर्षांची मुलगी पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा आपण तिला मातृभाषेतून शिकवीत आहोत, असे आपण समजतो. वस्तुतः आपण तिला परभाषेतून शिकवीत असतो. इंग्रजी माध्यमात गोंधळलेल्या आपल्या नातवंडांविषयी आपण जितका कळवळा दाखवितो, त्याचा दशांशही ह्या मुलीच्या वाट्यास येत नाही. ती गप्प बसते, आणि गप्प बसणारीला आपण मंद म्हणतो.

असे असता, ही कोंडी फुटली ती कोठे? ह्याचे पहिले उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास सापडते. आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी वारली मुलांसाठी काम मांडले, तेव्हा मोठी मुले गुरे चारावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे त्यांना आढळले. दुसऱ्या कोणी मुलांच्या नावापुढे गैरहजेरीची फुली मारली असती. ह्या बायकांनी शाळाच उचलून कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. आणि लहान भावंडांपायी मुली अडकतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात आणली. मुलगी शाळेस येत नाही, म्हणून शाळा गैरहजर आहे, असा विचार करण्यास जे धैर्य लागते, ते त्यांनी दाखविले.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. कारंजा तालुक्याची शीव ओलांडली की अमरावती जिल्ह्याचा नांदगाव खंडेश्वर तालुका लागतो. तेथे मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले ह्यांनी २०१२ मध्ये फासेपारध्यांच्या मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. भोसले स्वतः फासेपारधी. हातची शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी हे काम पत्करले. भीक मागणारी मुले गोळा करून सुरू झालेल्या ह्या शाळेत पुढे चारशेच्या वर मुलेमुली शिकू लागली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेचा काही भाग आला आणि तो पाडला गेला. नाव किती समर्पक ठरावे! त्यापूर्वी, १९९३ मध्ये, तुळजापूरजवळ यमगरवाडी येथेही भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली होती. पण तेथील प्रेरणा बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांची. मंगरूळ चव्हाळ्याचे वैशिष्ट्य हे की, येथे हजेरी घेणारा आणि देणारा एकाच बेड्यातला आहे. आपल्याच बोलीत आपले नाव पुकारले गेले, तर हजेरी ह्या शब्दातला काटा निघतो.

ह्याच गोष्टीची साक्ष बंजारा समाजाचा इतिहास देतो. तेही एकेकाळी त्याच संशयाखाली होते. परंतु तांडे स्थिरावले, जमीन हाती आली, तांड्यातून शिक्षक निघाले, आणि पुसदजवळच्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ इतका दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. बंजारा मुलींचे सर्व प्रश्न सुटले, असे कोणी म्हणणार नाही. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या बिऱ्हाडाबरोबर आजही त्यांची शाळा सुटते. तरीपण मानोऱ्याच्या तांड्यातली मुलगी शिक्षिका होण्याचे स्वप्न पाहते, तेव्हा तिच्यासमोर उदाहरण असते. बेड्यातल्या मुलीस ते उदाहरण स्वतःच व्हावे लागते.

राहता राहिला प्रश्न माळाचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. कायदा योग्यच होता. पण त्याने पारध्याची विद्या एका रात्रीत अपराध ठरविली. इकडे वऱ्हाडात ज्यास ‘ई-क्लास’ म्हणतात, ती गावोगावची गायराने अतिक्रमणाने आक्रसत गेली. मेंढरांचे गवत गेले, तसे पाखरांचेही गेले. एकेकाळी ह्या माळाचे भूषण असलेला तणमोर आता दुर्मिळ झाला आहे. अशा वेळी ‘संवेदना’ ह्या संस्थेने अकोला-वाशिम भागात फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन गवताळ माळ राखण्याचे काम हाती घेतले. पाखरू कोठे घरटे करते, हे ज्यास पकडण्यासाठी ठाऊक होते, त्यासच ते राखण्यासाठीही ठाऊक असते. विद्या तीच, हेतू पालटला. ह्या विद्येचा निम्मा वाटा स्त्रियांकडे आहे. कोणते गवत केव्हा पिकते, कोणता कंद कोठे उगवतो, हे मुलगी आईच्या मागे फिरताना शिकते. आपली शाळा हे ज्ञान ओळखत नाही. ‘काहीच येत नाही’ अशी नोंद जिच्या नावापुढे होते, तिला माळाचे सबंध पुस्तक पाठ असते. फक्त त्या विषयाची परीक्षा आपण घेत नाही.

सुधारणेच्या उत्साहात एक चूक आपल्या हातून वारंवार होते. ह्या मुलीस शिकवावयाचे म्हणजे तिला माळापासून, बोलीपासून आणि आईपासून सोडवावयाचे, असे आपण मनात धरून चालतो. शब्द बदलले, तरी ही कल्पना १९११ च्या कायद्याचीच आहे. तेव्हा मुलीला गुन्ह्यापासून सोडविण्यासाठी आईपासून तोडावयाचे होते, आता अज्ञानापासून. वसतिगृहे नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. फिरत्या बिऱ्हाडातील मुलीस ती हवीतच, आणि आहेत त्याहून अधिक व अधिक चांगली हवीत. परंतु त्या वसतिगृहात तिच्या बोलीची एक तरी शिक्षिका असावी, तिच्या आईस आत येण्यास संकोच वाटू नये, आणि सुटीत ती माळावर परतली तर तिला परकी वाटू नये. मुलगी शिकून सबल झाली, ह्याची खूण ती बेडा सोडून गेली ही नव्हे. दारात आलेल्या शिपायास ती कागद वाचून उत्तर देते आणि पंचायतीत उभी राहून आपल्या लग्नाविषयी बोलते, ही आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी माझ्या वर्गाच्या जुन्या हजेरी-वह्या काढून पाहिल्या. तीस वर्षांच्या वह्यांत बेड्यावरच्या मुलींची नावे शोधावयास फार वेळ लागला नाही. ती इतकी थोडी होती. त्यांतल्या एका नावापुढे पहिले दोन महिने सरळ खुणा आहेत आणि नंतर ओळीने फुल्या. त्या वेळी मी त्या फुल्या मारल्या आणि पुढचे नाव पुकारले. ती कोठे गेली, असे मी विचारले नाही. पोलिसाची हजेरी चुकली तर तो निदान शोध घेत असे. मास्तराने तेवढेही केले नाही.